डोंगरची मैना आणि कारखान्याची साखर

गाळप आटोपते, तोडणीच्या टोळ्या आपापल्या मुलखाला परततात, गाडीवाटांवरचा धुरळा खाली बसतो, आणि नेमक्या याच दिवसांत पश्चिमेकडच्या डोंगरांचा हंगाम सुरू होतो. नदीकाठच्या सभासदाला त्याचा पत्ता नसतो. पण शाहूवाडी, राधानगरी, भुदरगड, पाटण या भागांतले जे सभासद आहेत, त्यांच्या घरातल्या बायका वैशाखात पहाटेच उठून टोपल्या घेऊन जाळीला लागलेल्या असतात. करवंदीच्या जाळीला. या अंकात उसाचे चार शब्द बाजूला ठेवून त्या करवंदाविषयी लिहावे असे आम्ही ठरवले आहे. उसाशी त्याचा संबंध नाही असे कुणी समजू नये, तो पुढे येईलच.

करवंद कुणाला माहीत नाही? फेब्रुवारी-मार्चमध्ये जाईसारखी पांढरी, वासाची फुले येतात. चैत्रात हिरवी फळे धरतात, ती लालसर होतात आणि मे महिन्यात काळीभोर पिकतात. पिकलेले फळ फोडून आतला गर लाल निघाला तर कोंबडा, पांढरा निघाला तर कोंबडी, हा खेळ खेळला नाही असा सभासद आपल्या यादीत सापडायचा नाही. झाड कण्हेरीच्या कुळातले, म्हणून तोडले की पांढरा चीक येतो. कण्हेर विषारी आणि तिचाच हा भाऊबंद पोटभर खाण्याजोगा, हीही निसर्गाची एक गंमतच. मुरमाड माळ असो, कातळ असो, करवंदीला पाणी लागत नाही, खत लागत नाही, औषध तर नाहीच नाही. उसाला पाण्याच्या पाळ्या मोजणाऱ्या माणसाने तिच्याकडे जरा आदराने पाहावे असे हे झुडूप आहे.

आता त्या पहाटे उठलेल्या बाईचे काय होते ते पाहू. करवंदीचे काटे जोडीने असतात, लांब आणि सरळ. हात सोलून निघतो, पातळ फाटते, चिकाने बोटे चिकटतात. फळ एकेक करून खुडावे लागते. फांदी ओरबाडली तर कच्चे-पक्के सगळे एकत्र येते आणि पुढच्या तोड्याचेही नुकसान होते. सकाळी दहा-अकरापर्यंत टोपली भरली की घाटरस्त्याच्या कडेला नाहीतर बाजारात येऊन बसायचे. पळसाच्या नाहीतर कुड्याच्या पानांचे द्रोण लावायचे. गाडी थांबते, काच खाली होते. “मावशी, कसा वाटा?” मावशी भाव सांगते, साहेब निम्मा करून मागतो. दुपारी मावशी हसून नाही म्हणते. संध्याकाळी तीच मावशी त्याच भावाला देऊन मोकळी होते, कारण पिकले करवंद दुसऱ्या दिवशी मऊ पडते आणि तिसऱ्या दिवशी आंबते. टोपली परत डोंगरावर नेऊन उपयोग काय? मध्येच वळवाची एक सर आली तर सगळेच संपले. फळ फुगते, चव पाणचट होते, गिऱ्हाईक तोंड फिरवते.

म्हणजे या बाईकडे माल आहे, कष्ट आहेत, गिऱ्हाईकही आहे. तिच्याकडे नाही तो वेळ. आणि नाशवंत फळाला वेळ विकत घेऊन देणारी वस्तू आपण सगळे मिळून पोत्यांनी तयार करतो. साखरेत मुरलेले फळ वर्षभर टिकते, याचे कारण सोपे आहे. पाक पुरेसा दाट असला की बुरशीला आणि जंतूंना वाढायला लागणारे पाणी साखर अडवून धरते. त्यात करवंद जात्याच आंबट, ही आणखी जमेची बाजू.

सभासदांना माहीत नसेल अशी एक गोष्ट इथे सांगतो. बेकरीतल्या केकवर, पावामध्ये, आइस्क्रीमवर आणि मसाला पानाच्या टोकाला टोचलेली जी लालबुंद ‘चेरी’ आपण खातो, ती आपल्या देशात बहुतेक वेळा चेरी नसतेच. ते आपले करवंद असते! कच्चे करवंद बी काढून मिठाच्या किंवा गंधकाच्या पाण्यात साठवतात, मग धुऊन, उकडून मऊ करतात, परवानगी असलेला खायचा लाल रंग देतात आणि साखरेच्या पाकात सोडतात. हा पाक एकदम दाट चालत नाही. तसे केले तर फळातले पाणी झपाट्याने बाहेर येऊन ते सुरकुतते. म्हणून तीस-चाळीस ब्रिक्सच्या पाकापासून सुरुवात करून रोज थोडा थोडा वाढवत सत्तर-पंचाहत्तर ब्रिक्सपर्यंत नेतात. ब्रिक्स हा शब्द आपल्याला नवा नाही. पक्व उसाच्या रसाला रिफ्रॅक्टोमीटरवर वीसच्या आसपास आकडा दिसला की तोडीला आला म्हणायचे, एवढे आपल्या पोरांनाही कळते. तोच हिशेब इथे सत्तरच्या पुढे न्यायचा. म्हणजे फळ आपल्या डोंगराचे, साखर आपल्या शिवाराची, आणि नाव मात्र परक्या फळाचे. करवंद खुडणाऱ्या बाईला आपल्या टोपलीची पुढे चेरी होते हे ठाऊकही नसते, आणि केक खाणाऱ्याला करवंद ठाऊक नसते.

असे नाव हरवू न देता रानफळाचा व्यापार कसा होतो, याचे एक उदाहरण अमेरिकेतले आहे. मोंटाना, आयडाहो, वॉशिंग्टन या वायव्येकडच्या राज्यांत हकलबेरी नावाचे जांभळट काळे रानफळ डोंगरउतारांवर होते. आकाराने आपल्या करवंदापेक्षा लहान, चवीला आंबटगोड. शेतात लावून त्याची बागायत करण्याचे प्रयत्न तिथल्या विद्यापीठाने बरेच केले, तरी बाजारात येणारा जवळजवळ सगळा माल आजही रानातूनच खुडून येतो. जंगलातले अस्वलही त्यावरच पोसते, जसे आपल्याकडचे अस्वल करवंदावर ताव मारते. तिथे या फळाचा जॅम होतो, पाक होतो, चॉकलेट, गोळ्या, पाय होतात, साबण आणि मेणबत्त्यासुद्धा होतात. ग्लेशियर राष्ट्रीय उद्यान पाहायला आलेला प्रवासी घरच्यांना भेट म्हणून एक तरी बाटली घेऊनच परततो. आयडाहो राज्याने २००० साली हकलबेरीला आपले राज्यफळ ठरवले. मोंटानात तर कायदाच आहे. मालातली बेरी निव्वळ हकलबेरी असल्याशिवाय तो हकलबेरीचा म्हणून विकता येत नाही. आपल्याकडे करवंदाची चेरी बिनबोभाट होते, आणि तिकडे नावाची अशी राखण.

पण तिकडेही सगळे गोडच आहे असे नाही. ही झुडपे मुळात तिथल्या आदिवासींची. पिढ्यान्‌पिढ्या ते फळे खुडत, वाळवून हिवाळ्यासाठी ठेवत, देवघेवीत वापरत. १९३० नंतरच्या मंदीत बेकार झालेली हजारो माणसे फळे खुडायला डोंगरावर लोटली, आणि मूळच्या लोकांना जागा उरेना. तेव्हा १९३२ साली याकामा लोकांचे प्रमुख विल्यम यालुप आणि गिफर्ड पिंशो जंगलाचे अधिकारी यांच्यात तोंडी करार झाला, हात मिळवून. त्याप्रमाणे सॉटूथ भागातले सुमारे २८०० एकर क्षेत्र फक्त आदिवासींना खुडण्यासाठी राखले गेले. हा करार आजही पाळला जातो. पुढे व्यापारी तोडणी पुन्हा वाढली, तक्रारी झाल्या, आणि २०२५ च्या हंगामात त्या जंगलात विक्रीसाठी तोडण्याचे परवाने देणे थांबवावे लागले. मालाला भाव आला की खुडणारे हात बदलतात. आपण आपल्याकडे काही करू म्हटले तर हे आधी ध्यानात ठेवावे लागेल.

आणखी एक फरक सांगण्याजोगा आहे. तिथले आदिवासी फळे काढून झाल्यावर डोंगराचे पट्टे जाणीवपूर्वक जाळीत. त्यामुळे मोठी झाडे माजत नसत आणि हकलबेरीला ऊन मिळे. सरकारने आगी बंद केल्या, जंगल दाट झाले आणि फळांची राने आक्रसली. हे वाचून आपल्याकडच्या वणव्याचे समर्थन कुणी करू नये. आपल्याकडे गवत चांगले यावे म्हणून काडी लावतात ती फेब्रुवारी-मार्चमध्ये, म्हणजे करवंदी फुलोऱ्यावर असताना. फूल जळाले की त्या वर्षीचे फळ गेले.

वणव्यापेक्षाही करवंदीचा मोठा काळ ठरला तो मात्र आपल्याच शिवारात. जुन्या माणसांना आठवत असेल, माळाच्या जमिनीला आणि डोंगरउताराच्या प्रत्येक तालीला करवंदीचे कुंपण असे. गुरे आत येत नसत, बांधाची माती धरून राहत असे, आणि मे महिन्यात पोरांना फुकटचा खाऊ मिळे. उपसा जलसिंचनाने पाणी माळावर चढले, मागोमाग ऊस चढला. सपाटीकरणाला जेसीबी आला आणि बांधाबरोबर जाळीही मुळासकट उपटून निघाली. दोन सरी जास्त बसल्या. त्या दोन सऱ्यांचा ऊस किती आणि बांध फुटून वाहून गेलेली माती किती, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा. आता त्याच बांधावर तारा ओढून झटका मशीन बसवतात. रानडुकराला त्याची दहशत असते हे खरे. गव्याला मात्र तार अडवत नाही आणि करवंदीही अडवत नाही, त्यामुळे त्याबाबत खोटी आशा आम्ही दाखवीत नाही.

तर करायचे काय? पहिले, घरापुरते. प्रत्येक गोष्टीचा धंदाच झाला पाहिजे असे नाही. सभासद साखरेतली दोन-चार किलो दिवाळीनंतर डब्यात मागे ठेवली तर वैशाखात तिचे सोने होते. कच्च्या करवंदाचे लोणचे आपल्या घरोघरी होतेच. करवंदे मिठाच्या पाण्यात काही तास ठेवून चीक घालवायचा, दोन भाग करून बिया काढायच्या, मीठ, तिखट, मोहरीची डाळ, मेथी, हिंग आणि गार केलेली फोडणी. ते आम्ही काय सांगावे! पण जेली फार थोड्या घरी होते, आणि करवंद हे तर जेलीसाठीच जन्मलेले फळ आहे. फळाचा रस घट्ट धरणारे पेक्टिन त्यात भरपूर असते, वरून काही घालावे लागत नाही.

एक किलो करवंदे घ्यावीत. तीन हिस्से पिकलेली आणि एक हिस्सा अजून लालसर, अर्धकच्ची, कारण पेक्टिन कच्च्यात जास्त असते. धुऊन, ती बुडतील इतक्या, म्हणजे साधारण पाऊण लिटर पाण्यात स्टीलच्या पातेल्यात मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटे शिजवावीत. लोखंडी कढई नको, आंबट फळाने रंग आणि चव दोन्ही बिघडते. मग पातळ फडक्यात बांधून टांगून ठेवावे आणि रस आपोआप गळू द्यावा. पिळला की जेली गढूळ होते. इथे बहुतेकांचा धीर सुटतो. गळालेल्या रसाला वाटीस पाऊण ते एक वाटी साखर घालून मोठ्या आचेवर उकळावे. पळीतून खाली सोडल्यावर थेंब सुटे न पडता एकमेकांना धरून पडदा पडल्यासारखे पडले की उतरवावे. उष्णतामापक असल्यास १०५ अंशांच्या आसपास. उकळून कोरड्या केलेल्या काचेच्या बाटलीत गरम असतानाच भरावे. एका वेळी दोन किलोपेक्षा जास्त घेऊ नये, फार वेळ उकळले की पेक्टिन मोडते आणि मग जेलीचा नुसता पाक राहतो. असा पाक झालाच तर टाकू नये, थंड पाण्यात घालून सरबत म्हणून उत्तम लागतो. उरलेला चोथा चाळणीतून घासून बिया वेगळ्या केल्या की गुळाबरोबर आटवून पोळीशी खायला होते. पोरे त्यावरच तुटून पडतात.

विकायचे म्हटले की मात्र अंदाजपंचे चालत नाही. जॅमसाठी अन्न सुरक्षेच्या नियमांत फळाचा भाग ४५ टक्के आणि विद्राव्य घटक ६५ टक्के, याच्या खाली येऊन चालत नाही. किलोभर गराला किलोभर साखर घालून अडुसष्ट ब्रिक्सपर्यंत आटवले तर दोन्ही अटी सहज पुऱ्या होतात. इथे एक सूचना. उसाच्या रसाची तपासणी करायचा हातातला रिफ्रॅक्टोमीटर साधारणतः बत्तीसपर्यंतच दाखवतो. जॅमला अठ्ठावन्न ते नव्वदपर्यंतचा वेगळा लागतो. बचत गटाने पातेली आणि बाटल्यांच्या आधी तो घ्यावा, असे आमचे मत आहे. अन्न सुरक्षा खात्याकडे नोंदणी, लेबलवर तारीख आणि वजन, हे ओघाने आलेच. आणि लेबलवर ठळक अक्षरात ‘करवंद’ असे लिहावे. बेरी नको, चेरी तर नकोच नको.

गिऱ्हाईक कुठे मिळेल, हा प्रश्न नेहमी येतो. मुंबई-पुण्यात राहणारी आपलीच माणसे सुट्टीला गावी येतात, तेव्हा परतीच्या पिशवीत काय घालावे हा प्रत्येक घरात पडणारा पेच असतो. गूळ, काकवी, तांदूळ यांच्या जोडीला करवंदाच्या दोन बाटल्या सहज जातील. लेकीला सासरी पाठवायला याहून आपल्या मातीचे दुसरे काय आहे? तसे पाहता करवंद भेट देण्याची चाल आपल्याकडे जुनीच आहे. वटपौर्णिमेच्या वाणात आंबा, फणसाचे गरे, जांभूळ यांच्याबरोबर करवंद असते. त्या दिवशी बाजारात पाच फळांचे वाटे लागतात आणि हंगाम सरत आल्यामुळे मूठभर करवंदालाही मान असतो. सालभर द्रोणाला निम्मा भाव करणारी मंडळी त्या दिवशी गुपचूप सांगेल तो भाव देतात, हे आम्ही पाहतोच.

खुडणाऱ्यांच्या हक्काचा मुद्दाही नीट समजून घ्यावा. वनहक्क कायदा २००६ प्रमाणे जंगलातले गौण उत्पादन गोळा करण्याचा, वापरण्याचा आणि विकण्याचा हक्क तिथे पूर्वापार राहणाऱ्या लोकांचा आहे. अनुसूचित जमातींचा तर आहेच, पण इतर पारंपरिक वननिवासींनाही तो मिळू शकतो. १३ डिसेंबर २००५ पूर्वी तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षे, वनावर अवलंबून राहिल्याचे त्यांना दाखवावे लागते. दावा ग्रामसभेमार्फत करायचा असतो. आपल्या भागातल्या धनगरवाड्यांनी आणि डोंगरातल्या वाड्यांनी हे कागद वेळेवर करून ठेवणे बरे. उद्या करवंदाला भाव आला आणि खालून टेम्पो येऊ लागले, तर जाळी कुणाची हा वाद डोंगरावर होण्याऐवजी कागदावर आधीच मिटलेला असावा. आणि सभासदांपैकी कुणी माल घेऊन बाटल्या भरायचे ठरवले, तर खुडणाऱ्या बाईला भाव किलोवर, वजन करून आणि सकाळीच द्यावा. संध्याकाळची वाट पाहू नये. काट्यावरचे वजन किती महत्त्वाचे, हे ऊस घालणाऱ्याला आम्ही वेगळे सांगायला नको.

राहता राहिली लागवड. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने ‘कोकण बोल्ड’ ही मोठ्या फळाची जात दिली आहे, ती कलमे ज्यांना परवडतील त्यांनी जरूर लावावीत. बांधाला मात्र रानातले बी पुरेसे आहे. पूर्ण पिकलेल्या, चांगल्या चवीच्या जाळीची फळे निवडावीत. खाऊन झाल्यावर बिया धुऊन सावलीत सुकवाव्यात आणि लगेच, त्याच आठवड्यात, पिशवीत टोकाव्यात. बी जुने झाले की उगवत नाही, पुढच्या वर्षासाठी म्हणून पुडीत बांधून ठेवू नये. वर्षभर रोप पिशवीत वाढवून पुढच्या पावसाळ्याच्या तोंडाला बांधावर हात-दीड हाताच्या अंतराने लावावे. पहिल्या उन्हाळ्यात अधूनमधून तांब्याभर पाणी आणि शेळीपासून राखण, एवढेच काम. साधारण तिसऱ्या वर्षापासून फळ धरते. फळे निघाल्यावर पावसाळ्यात वरून छाटणी केली की जाळी खालून दाट होते. ज्या सभासदांच्या बांधावर जुनी जाळी अजून उभी आहे, त्यांनी यंदाच्या सपाटीकरणाच्या वेळी जेसीबीवाल्याला ती आधीच दाखवून ठेवावी.